साठी उलटल्यावर जुनी कॅम्पर व्हॅन सांभाळणं झेपतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ६२, नुकतीच निवृत्ती, मुक्काम इंग्लंड. सत्तरच्या दशकातली फोक्सवॅगन कॅम्पर मनात भरलीय, पण गाडीचं काम कधी केलेलं नाही.

झेपेल. मी ६९ वर्षांची आहे. आमची गाडी १९७३ ची, हॅनोव्हरच्या कारखान्यातली. आतलं लाकूडकाम आणि वर उघडणारं छप्पर इंग्लंडमधल्या सिडमथच्या डेव्हनवाल्यांचं, म्हणजे साध्या व्हॅनच्या कॅम्पर बनवणाऱ्या कंपनीचं. तिची नेहमीची देखभाल मीच करते आणि सुरुवातीला मला पाना धरायचीही सवय नव्हती. मात्र गाडी निवडताना घाई करू नका, तिथे चुकलं की वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

गाडी बघायला गेलं की सगळे आधी इंजिन सुरू करायला सांगतात. तुम्ही आधी खाली वाका. १६०० सीसीचं ते इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत. ते बिघडलं तरी खाली उतरवून दुरुस्त होतं, आणि सुटे भाग आजही सहज मिळतात. पत्र्याचं तसं नाही. सिल (दरवाजांखालच्या पत्र्याच्या लांब पट्ट्या), जॅक लावायच्या जागा, पुढच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि विंडस्क्रीनची खालची कड, गंज इथे बसतो. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून सोबत न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे. आमच्या गाडीचे सिल बाहेरून चकचकीत होते, आणि आम्ही भुललो. घरी आणून स्क्रूड्रायव्हरने जरा दाबलं तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि तपकिरीसारखा भुगा सांडला. सिल आतून अनेक पदरी असतो, त्यामुळे वरून ठिगळ मारून भागत नाही. त्या वेल्डिंगला इंजिनापेक्षा जास्त पैसे गेले.

गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, जुनी नळी चांगली दिसली तरी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने तडकतं. गळलेलं पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, ते पेटलं की विझवणं फार अवघड. मी ई-५ वालं, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं, महाग पेट्रोलच भरते आणि अग्निशामक सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवते. यात काटकसर करू नका, हात जोडून सांगते.

बाकी काम शिकण्याजोगं आहे, आणि मला तर त्याची गोडी लागली. दर ३,००० मैलांनी ऑइल बदलायचं आणि टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करायचे. इंजिन रात्रभर गार पडलेलं हवं. स्प्रिंगची तार खाली ओढली की टॅपेटवरचं कव्हर सुटतं, मग ०.१५ मिमीची फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, टॅपेटच्या फटीत सरकवायची. ती अडखळायला नको आणि सैलही जायला नको. लोण्यातून सुरी ओढावी तितपत ओढ बोटांना जाणवली की नट आवळायचा. टॅपेट वाजत असेल तर घाबरू नका. फट बुजलेला टॅपेट आवाज करत नाही, पण त्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. तिसरा सिलिंडर जास्त तापतो, तिथे नीट लक्ष द्या.

शरीराचं म्हणाल, तर पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पार्किंगला खांदे दुखतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा, आणि घरात कोणीतरी असतानाच काम करा. महामार्गावर ताशी ५५ मैल पुरे. हीटर नावालाच आहे, हिवाळ्यात गोधडी लागतेच. आत गॅसची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय मुक्काम करू नका.

४० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक म्हणून नोंद केली की रोड टॅक्स माफ होतो. २०१८ पासून, मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटीचीही, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचीही, सक्ती नाही. मी तरी दरवर्षी एमओटी करून घेते. ब्रेक दुसऱ्या कोणीतरी तपासलेले बरे वाटतात.

गाडी बघायला जाल तेव्हा सिलचे आणि जॅकच्या जागांचे फोटो काढा आणि इथे टाका. मी बघून सांगते.