दाढेवरचा 27 हा आकडा

प्रश्न : माझा मुलगा 8 वर्षांचा आहे. सुट्टीत त्याचे दात तपासायला नेले, तेव्हा दंतवैद्यांनी खालच्या मागच्या दाढेवर पेनासारखे एक लेझर यंत्र टेकवले. त्याचा आवाज चढत गेला आणि पडद्यावर 27 हा आकडा आला. ‘आत कीड सुरू झाली आहे, आजच कोरून सिमेंट भरू,’ असे ते म्हणाले. दाढ दुखत नाही, खड्डा दिसत नाही, खाचेत फक्त तपकिरी रेघ आहे. शिवाय ही दाढ दुधाचीच असावी. मग कोरण्याची घाई करावी का? लेझरचा मुलाला काही अपाय तर होणार नाही ना? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील, दाढ दुधाची असावी ही समजूत आधी दूर करतो, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. आठव्या वर्षी खालच्या जबड्यात सर्वांत मागे दिसणारी दाढ बहुधा दुधाची नसते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे मुकाट्याने उगवते आणि म्हणूनच असंख्य घरांत तिची गणना ‘पडणाऱ्या’ दातांत होते. ती जन्मभराची आहे. तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करणे जितके चुकीचे, तितकेच ती विनाकारण कोरणेही.

आता यंत्राविषयी. आपण पाहिलेले यंत्र कोणत्या बनावटीचे होते हे पत्रावरून कळत नाही. पण या प्रकारातले सर्वांत परिचित यंत्र म्हणजे जर्मनीतील काव्हो कंपनीचे, 1998 पासून वापरात असलेले डायग्नोडेंट. त्यातून 655 नॅनोमीटर लहरलांबीचा तांबडा प्रकाश दातावर पडतो. निरोगी एनॅमल (दातावरचे कठीण बाह्य आवरण) त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. परंतु कीड लागलेल्या भागात जिवाणूंनी तयार केलेली पॉर्फिरिनसारखी द्रव्ये साठलेली असतात, ती हा प्रकाश शोषून अधिक लांब लहरींचा प्रकाश परत टाकतात आणि यंत्र तो मोजून 0 ते 99 यांमधला आकडा दाखवते. म्हणजे यंत्र खड्ड्याची खोली मोजत नाही, खनिजे किती झिजली तेही मोजत नाही. दात किती ‘चमकतो’ एवढेच ते सांगते. आपण ‘कीड’ म्हणतो म्हणून आत एखादा किडा पोखरत बसला आहे असे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि यंत्राने तो किडाच पकडला असे वाटू लागते. तसे काही नसते.

ही चमक इतर गोष्टींनीही वाढते. खाचेत अडकलेला अन्नाचा थर, दातांवरचे किटण, चहाचे किंवा इतर डाग, दात घासून गुळगुळीत करण्याच्या पेस्टचा राहिलेला अंश, जुने सिमेंट किंवा सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा संरक्षक लेप) यांपैकी कशानेही आकडा चढू शकतो. या यंत्राविषयी झालेल्या अभ्यासांतून हेच वारंवार दिसले आहे, की नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापेक्षा ते कीड कमी वेळा चुकवते, पण निरोगी दाताला किडका ठरवण्याची चूक मात्र अधिक वेळा करते. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे एनॅमलवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटले असतील, तर तेथील आकड्यावर अधिकच सावधपणे विश्वास ठेवावा लागेल.

सर्वसाधारण तक्त्यांप्रमाणे 27 हा आकडा एनॅमलच्या आतल्या थरापर्यंतचा बदल सुचवतो. आकडा 30 च्या पुढे गेल्यावर कीड डेंटिनमध्ये, म्हणजे एनॅमलखालच्या थरात, शिरल्याची शंका घेतात. (यंत्राच्या आवृत्तीनुसार या सीमा थोड्या बदलतात.) केवळ 27 वरून त्याच दिवशी दाढ कोरावी, हे मला पटत नाही. एनॅमल पुन्हा उगवत नाही, मात्र पृष्ठभाग फुटलेला नसेल तर लाळेतील खनिजे व फ्लोराइड यांच्या साह्याने सुरुवातीची कीड थांबवता येते.

माझी सूचना अशी, की दाढ पाण्याने व ब्रशने नीट स्वच्छ करून, हवेने कोरडी करून, चांगल्या उजेडात पाहण्याची विनंती करावी. कोरड्या एनॅमलवर खाचेच्या कडेला खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा उठतो, तो सुरुवातीला ओल्या दातावर दिसत नाही. टोकदार सुई खाचेत दाबून पाहू नये. तिने नाजूक झालेला पृष्ठभाग मोडतो. मग यंत्र त्याच दाताच्या निरोगी भागावर शून्यावर आणून, त्याचे टोक खाचेवर सर्व दिशांनी तिरके फिरवून, सर्वोच्च आकडा तारखेसह लिहून ठेवावा. पट्टा असेल आणि खड्डा नसेल, तर फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) किंवा सीलंट पुरेसे होण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहावे. मात्र सीलंट घातले असेल तर त्या जागेच्या नव्या आकड्याची जुन्याशी तुलना करू नये. आणि खाचेशेजारचे एनॅमल राखट दिसत असेल, तर आकडा कमी असला तरी आत कीड असू शकते. तेव्हा एक्स-रे काढून निर्णय घ्यावा.

लेझरच्या अपायाची काळजी नको. या यंत्राची शक्ती अत्यल्प असते, दात तापत नाही आणि हा क्ष-किरणही नव्हे. परंतु दोन दाढा जिथे एकमेकींना चिकटतात, त्या फटीत ते नीट पोहोचत नाही. तिथली कीड दाताने चावून धरायच्या छोट्या एक्स-रेमध्येच, म्हणजे बाइटविंगमध्ये, अधिक खात्रीने दिसते.