गादीवरची साडी, दातातलं नख

दिवाळीच्या तोंडावर आलेली पत्रं दोनच विषयांची निघाली: दुकानात हात सैल कसा सुटतो, आणि अंगाला चिकटलेल्या सवयी कशा सुटत नाहीत. दोन्हीकडे निर्णयाचा क्षण आपल्याला कळायच्या आत निघून जातो, म्हणून उत्तरं एकत्रच देतो आहोत.

प्रश्न : इतवारीत दोन हजारांची साडी घ्यायची ठरवून जाते आणि साडेचार हजारांची घेऊन परत येते. दुकानदार जबरदस्ती करत नाही, उलट गोड बोलतो. मग हे होतं कसं?
— गृहिणी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गोड बोलण्याकडे नको, क्रमाकडे लक्ष द्या. पहिली साडी तुमच्या बजेटची कधीच निघत नाही. आधी आठ हजारांची उलगडतात, "घेऊ नका, नुसती बघा" म्हणून. त्वर्स्की आणि काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेला प्रयोग नेमका याचा आहे. आकड्यांचं एक चक्र फिरवायचे. ते मुद्दाम 10 वर किंवा 65 वरच थांबायचं. मग लोकांना विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा मधला अंदाज 25 आला, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नाही हे उघड असूनही. आठ हजारांची साडी म्हणजे ते चक्र. त्यानंतर साडेचार हजार आपसूक "बरी" वाटते.

मग चहा येतो आणि गादीवर साड्यांचा ढीग होतो. "एवढ्या काढायला लावल्या, आता उठायचं कसं" ही भीड इथून सुरू होते. ती सोडा. साड्या उलगडणं आणि परत घडी घालणं हेच त्या माणसाचं काम आहे, त्याचा त्याला पगार मिळतो. शेवटी साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभं करतात. वस्तू एकदा आपली वाटली की तिची किंमत मनात वाढते. 1990 च्या एका प्रयोगात काहींना कॉफीचे मग दिले, काहींना नाही. ज्यांना मग मिळाले त्यांनी विकायला सांगितलेला भाव, घेणारे द्यायला तयार असलेल्या भावाच्या दुपटीच्या आसपास होता.

करायचं असं. घरून निघतानाच आकडा मोबाईलमध्ये लिहा. पहिली घडी मोडायच्या आधी सांगा, "दोन हजारांच्या वरची काढू नका." हे वाक्य तिसऱ्या साडीनंतर बोललात तर उशीर झाला. चहा खुशाल घ्या. मात्र तीन साड्या बाजूला निवडून होईपर्यंत एकही खांद्यावर टाकू देऊ नका. निवड झाली की उठा, चपला घाला, दहा मिनिटं रस्त्यावर फिरून या. चपला बाहेर काढून गादीवर बसल्यावर उठणंच जड जातं, हेही अर्ध्या विक्रीचं कारण असतं. "शेवटचा पीस आहे" असं ऐकलं तर दहाची पंधरा मिनिटं करा. आणि फिक्स रेटच्या दुकानात खोडलेली एमआरपी हेच चक्र असतं. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, वस्तूचा खरा भाव नव्हे. "50 टक्के सूट" ही त्या खोडलेल्या आकड्याशी नाही, तुमच्या लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा.

प्रश्न : बेसा भागातल्या एका स्कीमवर फ्लॅट विक्रीचं काम करतो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं की 93 टक्के संवाद देहबोलीतून होतो. ग्राहकाने हाताची घडी घातली की तो नाराज, नाकाला हात लावला की खोटं बोलतोय. हे खरं आहे का?
— सेल्स एक्झिक्युटिव्ह

उत्तर : नाही. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन छोट्या प्रयोगांतून आला: शब्द 7, आवाज 38, चेहरा 55 टक्के. प्रयोग होते सुट्या शब्दांचे, आणि विचारलं होतं एवढंच की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही. कार्पेट एरिया आणि पझेशनची तारीख भुवया उडवून सांगता येत नाही.

हाताची घडी एसीच्या थंडीनेही पडते. खोटं ओळखण्याचं म्हणाल तर अनेक अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की माणसं खरं-खोटं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी 50.

बघायचा असतो तो बदल. पहिली पाच मिनिटं गाव, मुलं, ऑफिसचं अंतर असं साधं बोला आणि माणूस एरवी कसा बसतो ते पाहून ठेवा. पुढे एखाद्या आकड्यावर हात मानेकडे गेला, पेनची टकटक सुरू झाली, तर त्याच्या डोक्यावरचा भार वाढला एवढंच कळतं. का वाढला ते कळत नाही. म्हणून सरळ विचारा: "यातलं काय जड वाटलं?" बहुतेकदा ते टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, असतं. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असं रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. ते तुम्हीच आधी सांगितलंत तर पेन थांबेल.

प्रश्न : ॲपवर "फक्त 2 शिल्लक", उलटं धावणारं घड्याळ. यावर कायदा आहे का?
— विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यातलीच एक. स्क्रीनशॉट काढा, ॲप बंद करून पुन्हा उघडा. घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं तर तोही स्क्रीनशॉट घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा. नखं इतकी खातो की बोटं हुळहुळी होतात. मिरची लावून पाहिली, रागावून पाहिलं.
— पालक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मिरची बंद करा, ती डोळ्यांत जाते. रागावल्याने ताण वाढतो, आणि ताणात हात तोंडाकडेच जातो. एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडलेली सवय-उलट पद्धत आजही सर्वांत कामाची आहे.

पहिला आठवडा थांबवायचं काहीच नाही, फक्त नोंद. खिशात छोटा कागद. केव्हा, कोणतं बोट, समोर काय चाललं होतं. टीव्ही, गणिताचा अभ्यास, स्कूलबस अशी दोन-तीनच ठिकाणं निघतील. त्याहून मोलाचं म्हणजे, तोंडाकडे जायच्या आधी अंगठा नखाची खरबरीत कड चाचपतो. साडीच्या दुकानातल्यासारखाच पकडायचा क्षण तो, नख दातात गेल्यावरचा नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून अंगठा फिरला की लगेच मूठ हलकी मिटून मांडीला टेकवायची, एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. वर्गात असेल तर पेन घट्ट धरायचं. चारचौघांत कोणाच्या लक्षात येणार नाही अशीच कृती निवडा, नाहीतर मूल ती शाळेत करत नाही. सोबत आठवड्यातून दोनदा नेलफाइलने कडा गुळगुळीत करा आणि रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल लावा. चाचपायला कडच उरली नाही की अर्धं काम झालं. आठवण देणारी व्यक्ती घरात एकच असावी; टेबलावर दोन टिचक्या, शब्द नाही. आजी, काका, ताई सगळ्यांनी टोकायला सुरुवात केली की ही पद्धत फसते. दुसरं, वाचलेल्या नखाचं कौतुक करायचं राहून जातं.

नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नख यायला सहा महिने. म्हणून रोज तपासू नका, दर रविवारी फोटो काढा. कडू नेलपेंट आठवणीपुरतं चालतं, पण आपण हाताने जेवतो. वरण-भात कडू लागला की मूल ते स्वतःच खरवडून काढतं.

नखाशेजारी सूज किंवा पू दिसला तर डॉक्टर गाठा. केस उपटणं, त्वचा खरवडणंही असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : बसल्या बसल्या पाय हलतो. सासूबाई म्हणतात घरात दारिद्र्य येतं.
— वाचक, सदर

उत्तर : दिवसा, कामाच्या नादात हलत असेल तर सोडून द्या. पण रात्री आडवं झाल्यावर पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि चार पावलं चालल्यावर बरं वाटतं, असं असेल तर तो वेगळा आजार आहे. त्यात शरीरातला लोहाचा साठा बरेचदा कमी असतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो कमी असू शकतो, म्हणून फेरिटीनची तपासणी वेगळी करून घ्या. संध्याकाळनंतरचा चहा थांबवून बघा, लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्यावरच.