केअर होमची नोकरी स्वीकारण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात मेडिसिन वॉर्डात काम करीत असताना तुम्हाला इंग्लंडमधील वृद्धांच्या केअर होमची नोकरी आली आहे, आणि तिथे आपले कौशल्य गंजेल का, मनाने आपण टिकू का, असे तुम्ही विचारले आहे. मीही कोल्हापुरातूनच येथे आले आणि केअर होममध्येच काम करते.

कौशल्याची काळजी सोडा. येथे डॉक्टर इमारतीत नसतात. रात्री अनेकदा नोंदणीकृत परिचारिका एकटीच असते आणि रुग्णवाहिका बोलवायची की सकाळपर्यंत थांबायचे, हे तिलाच ठरवावे लागते.

मनाचा प्रश्न अधिक खोल आहे. आपल्याकडे खाटेशेजारी नातेवाईक बसलेला असतो. आजोबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, चहा बशीतूनच लागतो, हे तोच सांगतो. येथे नातेवाईक भेटीपुरते येतात, त्यामुळे माणूस ओळखण्याचे काम आपल्यावर येते. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णाकडे आधी व्यक्ती म्हणून पाहण्याचा आग्रह धरला; आज इंग्लंडमध्ये व्यक्तिकेंद्री सेवा आरोग्य व सामाजिक सेवांच्या २०१४ च्या नियमावलीतील नवव्या नियमाने बंधनकारक आहे. डिमेन्शिया असलेल्या आजी रोज सायंकाळी ओरडू लागल्या, तर त्यांना बद्धकोष्ठता आहे, लघवीचा संसर्ग आहे, की पूर्वी याच वेळी त्या मुलांना शाळेतून आणायला निघत असत, हे ओळखणारी परिचारिका त्यांना लवकर शांत करू शकते आणि स्वतःही कमी थकते. मला सर्वाधिक दमवते ते हे, की काय करायला हवे हे ठाऊक असूनही त्यासाठी दहा मिनिटे मिळत नाहीत.

म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच आग्रहाने मनुष्यबळाविषयी विचारा. इंग्लंडमध्ये एका परिचारिकेमागे किती रहिवासी असावेत, हे कायद्याने आकड्यात ठरवलेले नाही. कर्मचारी पुरेसे असावेत, एवढेच बंधन आहे. रात्री एका परिचारिकेकडे किती रहिवासी असतात, तेच रहिवासी त्याच कर्मचाऱ्यांकडे राहतात का, आणि एखाद्या रहिवाशाचा मृत्यू झाल्यावर कर्मचाऱ्यांना एकत्र बसून बोलायला वेळ दिला जातो का, हे स्पष्ट विचारा. शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षे ज्या माणसाला आपण भरवले ते माणूस जाते आणि थोड्याच वेळात औषधांची पुढची फेरी सुरू करावी लागते. आईवडील गावाकडे असलेल्या मुलीला हे अधिकच लागते.

केअर क्वालिटी कमिशन या इंग्लंडमधील आरोग्य व सेवा तपासणाऱ्या संस्थेचा त्या केअर होमविषयीचा तपासणी अहवाल संकेतस्थळावर मोफत मिळतो; तो वाचल्याशिवाय होकार देऊ नका. ड्यूटी बहुधा बारा तासांची असते, आणि दोन ड्यूट्यांमध्ये सर्वसाधारणपणे अकरा तासांची विश्रांती हा तुमचा हक्क आहे. मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परत मागण्याची अट करारात असू शकते. ती रक्कम किती आणि काळानुसार कमी होते का, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या, कारण व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वाशी जोडलेला असतो आणि नोकरी बदलताना नवा प्रायोजक शोधून पुन्हा अर्ज करावा लागतो.