एसईओ कंटेंट रायटिंग शिकायला कोर्स करावा का, आणि फ्रीलान्सरने शब्दाला किती दर घ्यावा?

‘शब्दाला किती’ एवढं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, मराठी-इंग्रजी दोन्ही बरं लिहिता येतं, एखादा खास विषय धरून एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसेल असं, लिखाण करायचंय, आणि एका एजन्सीने मराठीला शब्दामागे 40 पैसे सांगितलेत, तर घ्यावेत का. नका घेऊ. म्हणजे, थांबा, नीट सांगते.

मी 2018 पासून हे करते. विषय शेती, त्यातही द्राक्ष, कारण माहेर दिंडोरी तालुक्यातलं आणि घरची बाग. सुरुवातीला पुण्यातल्या एका एजन्सीकडून कामं यायची. दर 60 पैसे. त्यांच्याकडून इंग्रजी लेखाचा नमुना यायचा, त्यावरून मराठीत ‘फ्रेश’ लिहून द्यायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यू या बुरशीरोगावर लेख मागितला, बुरशीनाशकं विकणाऱ्या एका कंपनीच्या साइटसाठी. नमुना 1,500 शब्दांचा होता, तेव्हा मी मनात 900 रुपये धरून बसले.

लेख भरला 1,080 शब्दांचा. नमुन्यातलं सगळं त्यात होतं, वर आमच्या बागेतलंही होतं. हातात आले 648 रुपये. शब्द कमी तर पैसे कमी, असं तिथल्या सरांचं म्हणणं.

आता तुम्हीच बघा. ‘ऑन द अंडरसाइड ऑफ द लीफ’ हे इंग्रजीत सहा शब्द. आपल्याकडे ‘पानाखाली’. एक. ‘बिफोर द रेन’ तीन, ‘पावसाआधी’ एक. आपली विभक्ती, आपली शब्दयोगी अव्ययं, सगळी शब्दाला चिकटून येतात आणि शब्द मोजणाऱ्याला फुकट जातात. हे मी सरांना फोनवर समजावलं, तर म्हणाले, “मग थोडं पसरून लिहा ना.” आणि लोक खरंच पसरून लिहितात. नेटवर ‘पानाच्या खालच्या बाजूच्या भागावरती आढळून येणारी’ असलं मराठी दिसलं की आपण म्हणतो, याला मराठी येत नाही. येत असतं हो. 60 पैशांनी ते तसं झालेलं असतं.

पण माझं खरं भांडण पैशांवरून झालंच नाही. ते एका शब्दावरून झालं.

लेख पाठवायच्या आधी बाग बघणाऱ्या आमच्या आप्पांना वाचून दाखवला. दोन परिच्छेद ऐकून म्हणाले, “हे कुनासाठी लिहिलंय?” म्हटलं, शेतकऱ्यांसाठी. “मग डावणी का नाही म्हनत?” आमच्याकडे डाऊनीला सगळे डावणीच म्हणतात. दुकानात डावणीचं औषध मागतात, बांधावर डावणी आली म्हणतात. पुस्तकात ‘केवडा’ लिहितात, पण तो शोधला तर अत्तर येतं. मी पूर्ण लेखात डावणी घातलं, कंसात डाऊनी. सरांनी ते सगळं काढलं आणि त्या जागी ‘द्राक्ष डाउनी मिल्ड्यू नियंत्रण’ हे चार शब्द जसेच्या तसे अकरा ठिकाणी बसवले, कारण लेखात शोधशब्द मोजणाऱ्या त्यांच्या प्लगइनला ‘द्राक्षावरच्या’ आणि ‘द्राक्षांवर’ यांत द्राक्ष दिसत नव्हतं. तो लाल दिवा दाखवायचा. मी विचारलं, डावणी का काढलं? तर, “मॅडम, टूलमध्ये व्हॉल्यूम शून्य आहे. शून्य म्हणजे शून्य.” व्हॉल्यूम म्हणजे तो शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो तो आकडा.

काढताना आणखी एक गोष्ट झाली. एका परिच्छेदात मी भुरी (द्राक्षावरचा दुसरा बुरशीरोग) आणि डावणीतला फरक दिला होता. डावणीत पानावर तेलकट पिवळे डाग पडतात आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसते, ओल आणि पाऊस तिला मानवतो. भुरीत पानावर, मण्यावर राखेसारखी पावडर धरते आणि तिला पाऊस लागत नाही. भुरीला गंधक चालतं, डावणीला त्याचा उपयोग नाही. सरांना दोन्ही ‘पांढरी बुरशी’ वाटली, म्हणून तो परिच्छेद ‘रिपिटेटिव्ह’ ठरला. गेला. हे वाचून कुणी डावणीवर गंधक मारत बसला तर घड जातील, हे त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. आमच्या घरात 2010 चा हंगाम अजून विसरलेले नाहीत. त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले होते. औषधाचं लिहिताना लेबल क्लेम (ते औषध त्या पिकाला मंजूर आहे का) आणि पीएचआय (फवारणीनंतर काढणीआधी किती दिवस थांबायचं) तपासल्याशिवाय माझा हात चालत नाही तो त्यामुळे. कोर्समध्ये हे शिकवत नाहीत, आणि माझे पैसे लोक याच गोष्टीचे देतात.

तर मी त्याच आठवड्यात नेटवर स्वतःचं छोटंसं पान सुरू केलं. त्यांना विकलेला लेख उचलला नाही (तो त्यांचा झाला, हे पक्कं लक्षात ठेवा), नवा लिहिला. मथळ्यात डावणी. आमच्या बागेतल्या पानाचे दोन फोटो, वरून एक, उलटं करून एक. बोर्डो या फवारणीच्या मिश्रणाचं प्रमाण, एक टक्क्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, आणि ते कुठल्या अवस्थेत मारायचं नाही, हे आप्पांच्या तोंडचं.

ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला, तो नोव्हेंबर उजाडला तरी हटेना. नाशिककडच्या कुणालाही 2019 विचारा. छाटण्या होऊन घड बाहेर पडलेले, फुलोऱ्यात पाऊस, आणि डावणीने बागाच्या बागा झोपवल्या. आमची अर्धी गेली. त्या दिवसांत माझ्या त्या एका पानाला सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून आपल्या साइटवर आले ते दाखवणारं गूगलचं साधन) रोज दोनशेच्या वर क्लिक दिसायचे. शोध काय होते? ‘डावणी औषध’, ‘डावणीचा स्प्रे’, ‘पावसात डावणी’, आणि रोमन अक्षरांत तर पाच-सहा तऱ्हांची डावणी. ‘केवडा’ एकदा. सरांचे ते चार शब्द एकदाही नाहीत. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, बाग समोर सडत होती. पण ती शीट मी उतरवून ठेवली. सर्च कन्सोल 16 महिन्यांच्या मागचं दाखवत नाही, तेव्हा तुम्हीही उतरवत जा.

टूल शून्य का दाखवतं तेही ऐका. ही टूलं साधारणपणे बारा महिन्यांची सरासरी देतात. डावणी शोधली जाते पावसात, आठ-दहा दिवस, चार तालुक्यांत. सरासरी काढली की ती दिसेनाशी होते. त्यात रोमन लिपीतले शोध वेगळे मोजले जातात. त्यामुळे टूल बघायचं ते ताळा म्हणून. शब्द गोळा करायचे ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे प्रश्न वाचून, यूट्यूबच्या कमेंटा चाळून. तुमचा विषय जीएसटीचा असेल तर एखाद्या सीएच्या ऑफिसात चार दुपारी बसा. लोक दारात आल्या आल्या ज्या शब्दांत विचारतात, तेच घरी मोबाइलवर टाइप करतात.

आता दर. तुमच्या 40 पैशांचा हिशेब करा. 1,000 शब्दांचे 400 रुपये. खास विषयाचं पान नीट करायचं तर सहा तास कुठे गेले नाहीत. तासाला 66 रुपये झाले. आमच्याकडे थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या बायका याहून जास्त घेतात, वर त्यांना दुपारचा चहा असतो.

मी शब्दावर नाही, वेबपानावर दर घेते. 4,500 रुपये. नऊ तास, तासाचे 500. त्यात दोन माणसांशी फोन, शोधशब्द, मथळा, वर्णन, आतल्या लिंका, फोटोखालच्या ओळी आणि दोनदा दुरुस्ती. तिसऱ्या दुरुस्तीचे वेगळे. निम्मे आगाऊ. शब्द किती होतील असं विचारलं तर मी ‘लागतील तेवढे’ म्हणते. तुम्ही नवीन आहात तर असं बघा: महिन्याला 30,000 लागतात ना, तर ते 160 तासांनी भागू नका, 80 ने भागा, कारण उरलेला वेळ कामं शोधण्यात आणि ‘पेमेंटचं बघता का’ असे मेसेज टाकण्यात जातो. तासाचे 375 आले. सहा तासांचं पान 2,250. तिथून सुरू करा. कंपनीने टीडीएस कापला तर तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावे जमा दिसतो का, हे रिटर्न भरायच्या आधी बघा. माझा एकदा कापला होता आणि भरलाच नव्हता.

थोडं खालीही उतरते, नाहीतर म्हणाल बाई नुसती भांडते. सगळे 4,500 देत नाहीत, निम्मे दर ऐकून गायब होतात. हातात दाखवायला काहीच नसेल तर दोन-तीन महिने शब्दावर काम करा, मीही केलंच की. मथळा कसा बांधायचा, एका पानात एकच प्रश्न कसा सोडवायचा, वेळेवर कसं द्यायचं, हे त्या सरांनीच शिकवलं. ते श्रेय त्यांचं. इंग्रजीत शब्दाचा हिशेब एवढा अन्यायाचा होत नाही, हेही खरं. आणि 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर माझी ‘अमुकचे दहा फायदे’ छापाची दोन कामं बंद पडली, ती परत आली नाहीत. ‘भुरी म्हणजे काय’ याचं उत्तर आता गूगल वरच देऊन टाकतं, त्यासाठी तुमचं पान कोण उघडणार? ‘पाऊस चालू आहे, घड फुलोऱ्यात आहे, आता काय मारू’ यासाठी मात्र उघडतात. औषधोपचार किंवा गुंतवणूक असले विषय पाठीशी जाणकार माणूस नसेल तर घेऊच नका, तिथे गूगलही जास्त कडक आहे, आणि असायलाच हवं.

कोर्सचं राहिलंच. नको. गूगलचं स्वतःचं एसईओ स्टार्टर गाइड फुकट आहे. शोधाचे निकाल तपासणाऱ्या त्यांच्या तपासनिसांसाठीच्या सूचनांची पुस्तिकाही फुकट आहे, दीडशेहून जास्त पानांची. सगळी नाही, पण ‘अनुभव’ हा भाग नक्की वाचा, तो त्यांनी 2022 च्या डिसेंबरमध्ये घातला. कोर्सच्या पैशांत एक डोमेन घ्या आणि तुमच्या विषयावर दहा पानं लिहा. सर्च कन्सोल जोडा. तीन महिने बघत बसा.

आणि त्या एजन्सीला नाही म्हणण्याआधी एवढं जरूर विचारा की ‘पानाखाली’ हा ते एक शब्द धरतात की सहा. काय म्हणाले ते इथे कमेंटमध्ये लिहा, मला खरंच ऐकायचंय.