तोंडावर बोट की तोंडात बोट?

प्रश्न असा आला आहे: एका जुन्या इराणी गालिच्याच्या फोटोत तळ्यात बसून केस विंचरणारी एक स्त्री आहे आणि मागे खडकाआड घोड्यावर बसलेला तरुण तोंडाशी बोट नेतो आहे. तो ‘गप्प’ अशी खूण करतोय का? आणि आपल्या ‘तोंडात बोट घालणे’शी याचा काही संबंध?

खूण गप्प बसण्याची नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आपल्या अंगात इतकं मुरलंय की तोंडाजवळ बोट दिसलं की आधी तेच आठवतं. पण मराठीत ‘वर’ आणि ‘त’ एवढ्या फरकाने अर्थ पालटतो. तोंडावर बोट म्हणजे चूप, तोंडात बोट म्हणजे थक्क. गालिच्यावरचा तरुण थक्क झाला आहे.

तो इराणचा राजपुत्र खुस्रो आणि ती आर्मेनियाची राजकन्या शिरीन. फारसी कवी निजामीने बाराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या काव्यातला हा प्रसंग. शिरीन खुस्रोची तसबीर पाहून प्रेमात पडली आहे आणि शबदीझ नावाच्या काळ्या घोड्यावरून त्याच्याकडे निघाली आहे. तोही बापाच्या रोषातून निसटून तिच्या देशाकडे चालला आहे. वाटेत ती कमरेला आकाशी वस्त्र गुंडाळून पाण्यात उतरते, तो तिला पाहतो, आणि दोघं एकमेकांना न ओळखता आपापल्या वाटेने निघून जातात! ज्याला कथा ठाऊक आहे त्याला त्या बोटात नुसतं आश्चर्य दिसत नाही, पुढची चुकामूकही दिसते. मला तर वाटतं, अख्खा प्रसंग त्या बोटावर तोललेला आहे.

फारसीत या मुद्रेला शब्दच आहे: अंगुश्त-ए-हैरत, आश्चर्याचं बोट. ते दातांनी चावायचं असतं. लघुचित्रांत डोंगराआडून लढाई पाहणारे लोकही असंच बोट तोंडाशी नेतात, आणि रणधुमाळीत ते कोणाला गप्प करणार? या शब्दाचे दोन्ही तुकडे आपल्याकडे आहेत. अंगुश्त म्हणजे बोट, म्हणून शिंप्याचं अंगुस्तान. हैरतच्या घरातला आपला शब्द हैराण. फारसीत हैरान म्हणजे चकित, आपल्याकडे तो त्रासून गेलेला माणूस झाला.

मग वाक्प्रचारही फारसीतून आला का? एवढ्यावरून मी तसं म्हणणार नाही. शब्द उसना घेतला की त्याच्या आवाजावर खूण राहते. इथे ‘तोंड’ आणि ‘बोट’ दोन्ही आपलेच, आणि अचंब्याने हात तोंडाशी जाणं हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. साम्य सुंदर आहे, ते तसंच राहू द्यावं.

‘गालिचा’ मात्र नक्की तिकडचा. काली किंवा गाली म्हणजे गालिचा आणि ‘-चे’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय, जसं बाग आणि बागचे, म्हणजे आपला बगीचा. आपण दिवाणखानाभर पसरलेल्यालाही गालिचा म्हणतो, पण अशा चित्रांच्या विणकामाला इराणात कालीचे-ए-तसवीरी म्हणतात तेव्हा ‘-चे’ खरा असतो: यातले बरेच गालिचे लहान, भिंतीवर टांगायचे. काजार राजवटीत (1789 ते 1925), विशेषतः तिच्या उत्तरार्धात, त्यांना बहर आला. शिळाछापाच्या पुस्तकांतली चित्रं विणकरांपुढे नमुन्याला असत. रेघेचं गाठींत रूपांतर होताना घोडा लाकडी व्हायचा, चेहरा चौकोनी. तरी बोट जागेवर असलं की खुस्रो ओळखू येतो.

एक बारकावा वापराचा. आज आपण ‘तोंडात बोटं घालायला लावणारी खेळी’ असं अनेकवचन सर्रास लिहितो, आणि ते चूक नाही. पण या फोटोखाली ओळ लिहायची तर एकवचनच हवं: शिरीनला पाहून खुस्रोने तोंडात बोट घातलं.