आधी कागद मोजायचे, मग मतं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मतदान आणि मतमोजणी, दोन्ही कामांवर तुझी पहिल्यांदाच नेमणूक झाली, हे वाचून फार बरं वाटलं. ‘पेटीला कोणी हात लावणार नाही, याची खात्री मी कशी देऊ?’ असं तू विचारलं आहेस. ती खात्री कोणीच देऊ शकत नाही. कुलूप तुटतं, पहारेकऱ्याला डुलकी लागते. पण कोणी हात लावलाच तर तो कागदावरून कळला पाहिजे, एवढी व्यवस्था तू नक्की करू शकतोस. आणि ती करताना हरणाऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी डोळ्यांसमोर ठेव. जिंकलेला माणूस निकालपत्रक उघडूनही बघत नाही. हरलेला मात्र ओळ न् ओळ वाचतो.

सकाळी रिकामी पेटी नुसती दाखवू नकोस. उलटी कर, आत हात फिरव, प्रतिनिधींनाही फिरवू दे. मग सील लाव आणि त्याचा क्रमांक मोठ्यानं वाच, एकेक अंक सुटा. प्रत्येकानं तो आपापल्या वहीत उतरवून घ्यायचा. पेटी उघडायच्या आधी पुन्हा तेच: तू सीलवरून वाचायचं, त्यांनी वहीत बघायचं. अनोळखी हातांनी लिहिलेला तोच क्रमांक चार वह्यांत असला की नंतर सील बदलणं फार अवघड होतं.

मतदानाच्या आडोशाकडे मात्र कोणाचीही नजर जाता कामा नये, तुझीसुद्धा. कोणी मतपत्रिका उघडी धरून दाखवू लागला तर घडी घालायला सांग. आपण मत कोणाला दिलं याचा पुरावा मतदाराला बाहेर नेता आला, की त्या मताला गिऱ्हाईक मिळतं, किंवा त्याच्यावर दमदाटी होते. सरकारनं छापलेली एकसारखी मतपत्रिका आणि गुप्त मतदान ही पद्धत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी आणली ती याच कारणानं.

आता मोजणी. पेटी उघडली की सगळ्यांना घाई होते ती कोण पुढे आहे हे बघायची. तू तसं होऊ देऊ नकोस. आधी मतपत्रिका पालथ्या ठेवून नुसते कागद मोजायचे. नोंदवहीतल्या मतदारांच्या सह्या, फाडलेल्या मतपत्रिकांच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात मागे राहिलेले तुकडे, आणि पेटीतून निघालेले कागद, या तिन्हींचा ताळा जमला की मगच कागद उताणे करायचे. कोण पुढे आहे हे कळल्यावर ताळा करायला बसलं, तर प्रत्येक फरकात कोणाचा तरी स्वार्थ दिसू लागतो.

मी नवखा होतो तेव्हाची एक रात्र सांगतो. सह्या ४१२ आणि कागद ४११. तीनदा मोजले. आमचे वरिष्ठ दमले होते, म्हणाले, ‘एकानं काय होतंय, दोन्हीकडे ४११ लिही.’ मी पेन उचललंही होतं. समोर बसलेल्या एका प्रतिनिधी बाई शांतपणे म्हणाल्या, ‘स्थळप्रती मोजा.’ त्या भरल्या ४१२. म्हणजे एक मतपत्रिका दिली होती, पण पेटीत पडली नव्हती. बहुधा कोणीतरी खिशात घालून नेली. आम्ही तसंच लिहिलं: दिल्या ४१२, निघाल्या ४११, एक कमी, शोधली, मिळाली नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. पुढे तक्रार झाली तेव्हा ते पत्रक वाचून ती तिथल्या तिथे मिटली. त्या बाईंचा उमेदवार त्या निवडणुकीत हरला होता.

कागद कमी भरला तर असा उलगडा होऊ शकतो. जास्त भरला तर थांब आणि वर कळव. बेल्जियममध्ये स्कारबेक इथे २००३ साली मतदानयंत्रानं एका महिला उमेदवाराच्या खात्यात ४०९६ मतं जादा टाकली होती. तिला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली दिसली, म्हणून चूक पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या स्मृतीतला एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक धरणारं एक घर, उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. यंत्राचा मला राग नाही. पण यंत्राबरोबर मतदारानं पाहिलेला कागद हवा, आणि त्यातले काही कागद चिठ्ठ्या टाकून निवडून हातानं तपासले पाहिजेत. फरक जितका निसटता तितके जास्त कागद. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २०१७ पासून राज्यभर हेच सुरू केलं.

लिहिताना आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. जुना आकडा वाचता आला पाहिजे. मलावीत २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निकालपत्रकांवरचे आकडे पांढऱ्या शाईनं झाकलेले निघाले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानं ती निवडणूकच रद्द केली.

वेळेचंही तसंच. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये टपाली मतांची पाकिटं काही ठिकाणी ठरल्या वेळेआधी, साक्षीदार नसताना उघडली गेली. कोणी मतं फिरवली असा पुरावा मिळाला नाही, तरी न्यायालयानं अध्यक्षपदाची अख्खी फेरी पुन्हा घ्यायला लावली. त्या कर्मचाऱ्यांनी वेळ वाचावा म्हणूनच केलं असेल. तुलाही रात्री दहा वाजता कोणीतरी असंच काही सुचवेल. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. नियमाचं पान उघडून त्याच्यासमोर धर.

आणि काही झालं तरी निकालपत्रकाची सही केलेली प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात दिल्याशिवाय आणि एक दारावर लावल्याशिवाय केंद्र सोडू नकोस. वरच्या बेरजेत तुझ्या केंद्राचा आकडा बदलला, तर तो ओळखायला त्या प्रतीच उपयोगी पडतात. दारावरची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाव. एकदा माझी पावसानं धुऊन गेली होती.