'व्हिडिओ नॅस्टी'ला मराठीत काय म्हणावं?

एक अनुवादक ताई ब्रिटनमधल्या एका जुन्या वादावरचा लेख मराठीत आणताहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिंसक भयपटांच्या व्हिडिओ कॅसेटींवरून रान उठलं होतं. त्या कॅसेटींसाठी वर्तमानपत्रांतून 'व्हिडिओ नॅस्टी' असं नाव रुळलं. ताईंनी केलेलं वाक्य असं: "घरगुती व्हिडिओवरील बीभत्स भयपटांवर ब्रिटनने १९८४ साली सेन्सॉरशिप लादली आणि ७२ चित्रपटांवर बंदी घातली." यातलं 'बीभत्स' बरोबर आहे का, एवढंच त्यांनी विचारलंय. माझं उत्तर लांबणार आहे, कारण या वाक्यातले पाच शब्द मला अडले आणि 'बीभत्स' हा त्यातला एकच आहे.

'घरगुती'चं लगेच सांगून टाकतो. घरगुती मसाला, घरगुती लोणचं, घरगुती डबा असं आपण म्हणतो तेव्हा ती वस्तू घरी केलेली असते. 'घरगुती व्हिडिओ' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भाच्याच्या मुंजीची कॅसेट येणार. इथे मात्र गोष्ट आहे दुकानातून भाड्याने आणून घरी लावायच्या कॅसेटींची. 'घरी बघायच्या कॅसेटी' असं सरळ लिहावं.

आता 'भयपट'. शब्द चांगला आहे, पक्का रुळलाय. बोलपट, युद्धपट, चरित्रपट यांच्या रांगेतला. पण '-पट' लावला की लक्ष चित्रपटावर जातं, आणि या वादात भांडण चित्रपटापेक्षा कॅसेटीशी होतं. ब्रिटनच्या चित्रपट मंडळाचा धाक कुठून आला हे पाहिलं की हे कळतं. १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सिनेमागृहांना परवाना द्यायचा अधिकार स्थानिक परिषदांना दिला, तो मुळात आगीच्या भीतीने, कारण तेव्हाची नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची. पुढे परिषदांनी त्याच परवान्यात अटी घालून पडद्यावर काय दाखवावं यावर पकड मिळवली, आणि १९१२ साली चित्रपट धंद्यानेच उभं केलेलं मंडळ परिषदांच्या वतीने चित्रपट पाहू लागलं. सगळा अधिकार असा सिनेमागृहाच्या परवान्याला बांधलेला. कॅसेट आली आणि सिनेमागृहच मधून गेलं. दुकानदाराला ना परवाना हवा होता, ना प्रमाणपत्र.

'द ईव्हिल डेड' या भयपटाचं उदाहरण घ्या. मंडळाने काटछाट करून त्याला प्रौढांसाठीचं एक्स प्रमाणपत्र दिलं, तो सिनेमागृहात रीतसर लागला. तीच काटछाट केलेली आवृत्ती कॅसेटवर आली आणि कॅसेटीवर खटले भरले गेले. चित्रपट तोच, दृश्यं तीच, पण गुन्हा कॅसेटीचा. म्हणून मराठी शब्द कोणताही घ्या, त्यात 'कॅसेट' राहिलीच पाहिजे. चित्रफीत, ध्वनिचित्रफीत हे सरकारी पत्रकात शोभतात. भाड्याने आणायचो ती कॅसेटच.

'बीभत्स'वर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे आपल्या भाषेत दोन शब्दांची जी सरकासरकी झालीय ती मला फार महत्त्वाची वाटते.

नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. त्या हिशेबाने ताईंचा शब्द शास्त्रशुद्धच आहे, कारण या कॅसेटींविषयी जो तो बोलला तो किळसेबद्दल बोलला. पण आजच्या मराठी बातमीत बीभत्स शब्द कुठे भेटतो? 'बीभत्स हावभाव', 'बीभत्स नाच', 'बीभत्स शब्दांत शिवीगाळ'. रक्तमांसावरून तो केव्हाच लैंगिक गोष्टींवर सरकलाय. 'बीभत्स कॅसेट' वाचून दहातले आठजण निळ्या फितीच समजतील. लेखभर तो शब्द वापरला तर वाचक लेखभर चुकीचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून वाचेल.

दुसरा शब्द 'अश्लील', आणि तो आक्रसत गेलाय. आज अश्लील म्हणजे फक्त लैंगिक. पण मम्मटाच्या काव्यप्रकाशात, म्हणजे संस्कृत काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, अश्लील या दोषाचे तीन प्रकार आहेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. किळसेच्या उदाहरणात त्याने 'वायु' शब्द घेतलाय (त्यातून अपानवायू सुचतो म्हणून), अमंगलाच्या उदाहरणात 'विनाश'. म्हणजे मरणाची सावली पाडणारा शब्दही त्या काळी अश्लीलात मोडे. ही जाणीव आपल्याकडे मेलेली नाही, फक्त तिला आता अश्लील म्हणत नाहीत. माझी आजी बांगडी फुटली असं कधीच म्हणाली नाही. बांगडी वाढवली म्हणायची. कुंकू पुसलं हे शब्द तिच्या तोंडून मी ऐकलेच नाहीत.

आता ब्रिटनच्या कायद्याकडे या. सुरुवातीचे खटले कोणत्या कायद्याखाली चालले? १९५९ च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली. हा कायदा लोकांच्या मनात लैंगिक मजकुराचा. पण त्याची कसोटी लैंगिकतेची नाहीच. वाचणारा-पाहणारा नीतिभ्रष्ट होऊन बिघडेल का, ही ती कसोटी. बिघडायला रक्तपातही पुरतो असा अर्थ न्यायालयांनी १९६० च्या दशकातच लावला होता. च्युइंगगमबरोबर मुलांना मिळणाऱ्या, लढाईची हिंसक चित्रं असलेल्या कार्डांवर याच कायद्याखाली खटला झाला होता. म्हणजे इंग्रजी कायद्यातला 'अश्लील' हिंसेपर्यंत पसरत मम्मटाच्या अश्लीलाच्या जवळ आला, आणि आपला अश्लील तोवर आक्रसून बसला. लेखात 'अश्लील प्रकाशन कायदा' हे नाव येणारच. तिथे एक वाक्य घालून सांगा की या कायद्यात हिंसाही धरली जाते. नाहीतर वाचक गोंधळेल की भयपटाचा इथे काय संबंध.

मग 'नॅस्टी'ला काय? मूळ शब्दाची पातळी धरायला हवी. तो पंडिती नाही, घरातला आहे. आई मुलाला ओरडताना वापरते तसा. म्हणूनच तो मथळ्यात चपखल बसला. 'घाणेरड्या कॅसेटी' म्हटलं तर पुन्हा निळी फीत. 'हिडीस' जवळचा आहे, पण त्यात कुरूपपणा जास्त. 'किळसवाण्या' चालेल, फक्त त्यात पाहणाऱ्याची प्रतिक्रिया येते, कॅसेटीवर ठपका येत नाही. आणि नॅस्टीमध्ये ठपका आहे.

माझं मत 'ओंगळ'. १९८६ च्या सुमारास आमच्या चाळीत एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता, तीन कॅसेटींसकट. दोन कौटुंबिक चित्रपट संपले, मध्यरात्र उलटली, लहान मुलांना गॅलरीत झोपायला पिटाळलं आणि तिसरी कॅसेट लागली. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या, मग एकदम कुणाचातरी तुटलेला हात. आजी पदर तोंडाला लावून उठली आणि म्हणाली, "शी! काय हे ओंगळवाणं. बंद करा आधी." घाबरली नव्हती ती. तिला किळस आली होती, आणि असलं काही घरात यावं याचा राग आला होता. एका शब्दात दोन्ही. व्हिडिओ नॅस्टीत हेच आहे: नजरेला ओंगळ आणि घराला ओंगळ. तेव्हा 'ओंगळ कॅसेट'. पहिल्यांदा 'व्हिडिओ नॅस्टी' तसाच लिहून पुढे हा शब्द चालवा.

यात एक जपायला हवं. हे नाव वादातल्या एका बाजूने दिलेलं आहे. मेरी व्हाइटहाउस आणि त्यांची प्रेक्षक-श्रोत्यांची संघटना, १९८३ मध्ये मोहीम चालवणारं 'डेली मेल' हे वर्तमानपत्र, ही ती बाजू. पुष्कळांनी तर कॅसेट पाहिलेलीही नव्हती. पाहिलं होतं ते वेष्टन. 'द ड्रिलर किलर'च्या जाहिरातीत आणि वेष्टनावर माणसाच्या कपाळात घुसणारं ड्रिल होतं, रक्ताचे ओघळ होते, आणि १९८२ मधल्या तक्रारींना त्या चित्राने मोठी फोडणी दिली. मुलांनी असल्या कॅसेटी किती पाहिल्यात याची एक पाहणीही तेव्हा गाजली. मग दुसऱ्या अभ्यासकांनी मुलांना कधी निघालेच नाहीत अशा चित्रपटांची नावं विचारली, आणि खूप मुलांनी तेही पाहिल्याचं ठोकून दिलं. म्हणून लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात 'ओंगळ' अवतरणचिन्हांत ठेवा. बोलणाऱ्याच्या तोंडी असेल तिथे चिन्हं नकोत.

'सेन्सॉरशिप लादली' हे मराठीत वाटतं त्यापेक्षा निसरडं आहे. आपल्याकडे हौशी नाटकवाल्याला विचारा. "संहिता सेन्सॉर झाली का?" म्हणजे मंजूर झाली का. एकांकिका स्पर्धेच्या नियमांत 'सेन्सॉरसंमत संहिता' मागतात. इंग्रजीत सेन्सॉर झालं म्हणजे कापलं, मराठीत सेन्सॉर झालं म्हणजे सुटलं! कापण्यासाठी आपल्याकडे कात्री वेगळी आहे, 'सेन्सॉरची कात्री लागली'. तेव्हा 'हा चित्रपट व्हिडिओसाठी सेन्सॉर झाला नव्हता' असं वाक्य आलं तर त्याचे दोन उलटे अर्थ निघतात. 'प्रमाणपत्र मिळालं नव्हतं' किंवा 'काटछाट झाली नव्हती' असं फोडून लिहा. 'अभ्यवेक्षण' हा पारिभाषिक शब्द आहे, मी त्याचा मान राखतो, पण चालत्या लेखात तो वाचकाला अडवतो.

मंडळाच्या नावाकडे तर लक्ष द्याच. १९८४ पर्यंत त्याच्या नावात 'सेन्सॉर' होतं. त्याच वर्षी ते बदलून 'वर्गीकरण' आलं. आपल्या मंडळाच्या नावातलं 'सेन्सॉर' १९८३ मध्ये गेलं आणि 'प्रमाणन' आलं. प्रमाणन आणि वर्गीकरण यांची अदलाबदल करू नका. आणि ब्रिटनमध्ये नाव मऊ झालं त्याच वर्षी अधिकार कठोर झाला. सिनेमागृहाबाबत शेवटचा शब्द स्थानिक परिषदेचा होता आणि आजही आहे. खासदार ग्रॅहम ब्राइट यांनी आणलेल्या १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने मात्र कॅसेटीवर प्रमाणपत्र नसेल तर ती विकणं किंवा भाड्याने देणं हाच गुन्हा ठरवला, आणि प्रमाणपत्र देण्याचं काम या मंडळाकडे आलं. नावातून सेन्सॉर काढल्यावर ते खरं सेन्सॉर झालं, असं मला मनापासून वाटतं. लेखात तारखा जवळजवळ ठेवल्या तर हे वाचकाला आपोआप दिसेल.

राहिली 'बंदी'. ७२ हा आकडा खरा आहे, पण ती बंदी घातलेल्या चित्रपटांची यादी नव्हती. सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयाने पोलिसांसाठी केलेली, वेळोवेळी बदलणारी यादी होती ती: या कॅसेटींवर खटला उभा राहू शकतो, एवढं सांगणारी. कधी ना कधी त्या यादीत आलेले एकूण ७२. त्यातल्या ३९ वर दोष सिद्ध झाला, उरलेले ३३ वगळले गेले. एका गावात जप्त होणारी कॅसेट दुसऱ्या गावात सुटायची. इथे 'खटल्यास पात्र ठरवले' लिहावं. बंदी म्हणजे सरसकट मनाई, आणि तशी ती तेव्हा नव्हती. शिवाय यादी १९८३ पासूनची, म्हणजे नव्या कायद्याच्या आधीची. तुमच्या वाक्यात ती कायद्याने निर्माण झाल्यासारखी वाटते.

तर माझं वाक्य असं होईल: "घरी बघायच्या हिंसक कॅसेटींविरुद्ध, म्हणजे तिथल्या भाषेत 'व्हिडिओ नॅस्टी' किंवा 'ओंगळ' कॅसेटींविरुद्ध, ब्रिटनमध्ये मोहीम उठली, ७२ चित्रपटांच्या कॅसेटी वेळोवेळी खटल्यास पात्र ठरवल्या गेल्या, आणि १९८४ च्या कायद्याने प्रमाणपत्राशिवाय कॅसेट विकणं वा भाड्याने देणं गुन्हा ठरलं." लांब झालंय, दोन वाक्यं करा हवं तर.

पुढे कुठे 'हा कायदा १९८४ पासून अखंड लागू आहे' असं लिहिलं असेल तर तेही बदला. या कायद्याची सूचना युरोपीय आयोगाला द्यायची राहून गेली होती, त्यामुळे तो अंमलात आणता येत नाही, हे २००९ मध्ये लक्षात आलं आणि जानेवारी २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर करावा लागला.

अनेकवचन मी 'कॅसेटी' केलंय, कारण आमच्याकडे तेच ऐकलं. काहींच्या तोंडी 'कॅसेटा' आहे, तेही अस्सलच. 'कॅसेट्स' तेवढं टाळा.